समुद्रात लांब पोहायचंय, वर देणगीही जमवायचीय: ठाणे-नवी मुंबईच्या नवख्यांसाठी

पावसाळा संपला की आमच्या तलावावर दोन-चार नवीन चेहरे हमखास येतात, कठड्याला टेकून विचारतात, दादा ते गेटवेपर्यंत पोहत जातात ते कसं करायचं, आणि त्यातून एखाद्या संस्थेसाठी पैसे पण जमवता येतात ना. ओल्या अंगाने उभं राहून प्रत्येकाला तेच तेच सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी चॅम्पियन वगैरे नाही बरं का. राहायला ठाण्यात, नोकरी ऐरोलीला, समुद्रात पहिल्यांदा उतरलो तेव्हा वय अडतीस आणि पोट पुढे. आतापर्यंत सनक रॉक (बंदराच्या तोंडाकडचा खडक) ते गेटवे दोनदा, घारापुरी ते गेटवे एकदा पूर्ण आणि एकदा अर्धवट. त्या अर्धवटवाल्याबद्दल खाली जरा जास्त लिहिलंय, नवीन माणसाला उपयोग त्याचाच आहे.

१. आधी अंतर ठरवा

मुंबई बंदरात लोक ठरलेले रूट पोहतात. नवख्यांसाठी सनक रॉक ते गेटवे, ५ किमी. त्यानंतर घारापुरी ते गेटवे, ते साधारण १४ किमी धरतात. आणि मोठं म्हणजे रायगडातलं धरमतर ते गेटवे, साधारण ३६ किमी, हे केलेला माणूस तलावावर आला की आम्ही न सांगता लेन सोडतो. इंग्लिश खाडी सरळ रेषेत ३३-३४ किमी आहे, म्हणजे अंतराने धरमतर तिच्या बरोबरीचंच, फक्त इथलं पाणी हिवाळ्यातही २५ अंशांच्या आसपास असतं आणि तिथलं भर सीझनमध्ये १५ ते १८, त्यामुळे धरमतर झालं म्हणजे खाडी झालीच असं कोणी म्हणालं तर मान डोलवा आणि विषय बदला. तिथे नाव नोंदवायच्या आधी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग ६ तास पोहून दाखवावं लागतं, आणि ते आपल्याकडच्या समुद्रात होणं शक्यच नाही.

हुरूप यायला नावं आहेत आपल्याकडे. नेरुळच्या प्रभात कोळीने ओशन्स सेव्हन, म्हणजे जगातले सात अवघड चॅनल, २०२३ मध्ये पूर्ण केले, त्याआधी २०१८ मध्ये पुण्याच्या रोहन मोरेने, आशियातला तो पहिला. पण ही मंडळी लहानपणापासून पाण्यात आहेत, आपण लोकलने जाऊन-येऊन उरलेल्या वेळात पोहणार. पहिल्या वर्षी ५ किमीच्या वर जाऊ नका, माझं मत पक्कं आहे. बंदरातल्या बोटी आणि परवानग्या नको वाटत असतील तर मालवणला चिवला बीचवर हिवाळ्यात सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे छोट्या अंतरापासून गट असतात, किनाऱ्याला समांतर पोहायचं, घरचे वाळूवर बसून सोलकढी पीत बघू शकतात. पहिला अनुभव म्हणून मी ते जास्त सुचवेन.

आज तुम्हाला न थांबता १ किमी फ्रीस्टाइल येत असेल तर ५ किमीला सहा-सात महिने पुरतात. येत नसेल तर आधी ते. आणि चाळिशीच्या जवळ असाल तर डॉक्टरकडे जाऊन ईसीजी, बीपी करून घ्या, तसंही आयोजक मेडिकल सर्टिफिकेट मागतातच.

२. कुठे पोहायचं आणि कुठे अजिबात नाही

ठाण्यात मारोतराव शिंदे तरण तलाव आहे, नवी मुंबईत वाशी-नेरुळच्या बाजूला क्लबचे आणि शाळांचे तलाव आहेत, शिवाय मोठ्या सोसायट्यांचे. सोसायटीचा तलाव बहुतेक वेळा चंद्रकोर नाहीतर किडनीच्या आकाराचा असतो, त्यात मुलं उड्या मारतात, तिथे ट्रेनिंग होत नाही. सरळ लेन असलेला २५ किंवा ५० मीटरचा तलाव शोधा. सार्वजनिक तलावात बॅच पाऊण-एक तासाची असते आणि शिट्टी वाजली की बाहेर, त्यामुळे लांब पोहायचं कसं हा सगळ्यांचा प्रश्न. आम्ही काय केलं, सगळ्यात पहाटेची आणि तिला लागून असलेली पुढची अशा दोन बॅचची फी भरली आणि तिथल्या कोच सरांना आधीच सांगून ठेवलं की मधे बाहेर काढू नका. सांगितलं की ऐकतात लोक, न सांगता केलं की वाद होतात.

उपवन, मासुंदा हे बघायचे तलाव आहेत, पोहायचे नाहीत. आणि ठाण्याची खाडी, हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच की घराजवळ एवढं पाणी आहे मग तिथेच का नको. नको. खाली मांडीपर्यंत रुततो असा गाळ, सांडपाणी, ओहोटीला वाशी पुलाखालून खेचत नेणारा प्रवाह, वर ती फ्लेमिंगो अभयारण्याची जागा आहे, २०१५ पासून. फ्लेमिंगो बघायला जा, दुर्बीण घेऊन.

समुद्राची सवय करायला उरण बरं पडतं. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, नेरुळ-बेलापूरवाल्यांना तर सुट्टीच्या सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी येता येतं. पण एकटं जायचं नाही, ओळखीच्या ग्रुपबरोबर, ज्यातल्या दोघांना तरी तिथलं पाणी माहितीय, आणि शक्यतो एखादी होडी बरोबर. जून ते सप्टेंबर समुद्राचा विषय बंद, भर पावसात तर मच्छीमारसुद्धा बोटी ओढून ठेवतात, आपण कोण लागून गेलो. तो वेळ तलावात काढा.

३. ट्रेनिंग, जे खरं तर फार कंटाळवाणं असतं

२५ मीटरच्या तलावात ५ किमी म्हणजे २०० लेंग्थ. डोक्यात मोजत बसलात तर ७३ नंतर ८१ येतं. घड्याळ लावा किंवा कठड्यावर दहा खडे ठेवा आणि दर ५०० मीटरला एक पाण्यात टाका (बाहेर येताना गोळा करा, नाहीतर सफाईवाले मामा ओरडतात).

आठवड्यातून चार दिवस पुरतात. दोन दिवस तंत्र आणि वेग, म्हणजे १०० मीटरचे दहा राउंड, मधे वीस सेकंद दम, सगळे राउंड एकाच वेळेत आले पाहिजेत, पहिला जोरात आणि शेवटचा मेल्यासारखा असं नाही. एक दिवस मध्यम, ८०० चे तीन. आणि रविवारी लांब, एका लयीत, न थांबता. रविवारचं अंतर पहिल्या महिन्यात दीड किमी असेल तर दर आठवड्याला दोनशे-तीनशे मीटरच वाढवायचं आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं. उतरायच्या आधी तलावात एकदा सलग साडेचार किमी झालं की ५ किमीची काळजी सोडा. घारापुरीसाठी हिशेब वेगळा, आठवड्याला २० किमीच्या पुढे आणि सलग ८-१० किमी दोन-तीन वेळा, ते दुसऱ्या वर्षी बघू.

वेगाचं फार मनावर घेऊ नका. १०० मीटरला अडीच मिनिटं म्हणजे १ किमीला पंचवीस, ५ किमीला दोन तास आणि वर थोडं, नवीन माणसाला एकदम ठीक आहे. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिका. मी सुरुवातीला फक्त उजवीकडे घ्यायचो, समुद्रात लाटा उजवीकडूनच आल्या आणि पहिल्या अर्ध्या तासात निम्मं बंदर प्यायलो.

खांदे. जवळपास प्रत्येकाचे दुखतात आणि जवळपास प्रत्येकजण "जाईल आपोआप" म्हणतो. रबराच्या बँडचे व्यायाम रोज दहा मिनिटं करा, टीव्ही बघताना सुद्धा होतात. पोहून झाल्यावर स्नायू जड वाटणं वेगळं आणि हात डोक्यावर नेताना आत टोचणं वेगळं. टोचत असेल तर त्याच आठवड्यात फिजिओकडे, पुढच्या महिन्यात नाही.

४. समुद्रात काय वेगळं असतं

काळी पट्टी नसते तळाला. एवढं एक वाक्य नीट समजलं तरी पुष्कळ झालं. तलावात आपण त्या पट्टीच्या आधाराने सरळ जातो, समुद्रात डोळ्यासमोर हिरवट-मातकट अंधार आणि आपण सरळ चाललोय असं समजून नव्वद अंशात वळलेलो असतो. म्हणून दर आठ-दहा हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून समोरची खूण बघायची, मान पूर्ण वर काढली की कंबर बुडते आणि वेग जातो. खूण उंच आणि मोठी धरा. गेटवेच्या रूटला ताजचा घुमट लांबून दिसतो, गेटवे स्वतः खूप उशिरा दिसायला लागतं. ही सवय तलावातच करायची, कठड्यावर बाटली ठेवून.

टोपी केशरी किंवा भडक गुलाबी. निळी, पांढरी, काळी अजिबात नको, लाटेत ती टोपी आणि फेस एकच दिसतं. सरावाला कमरेला बांधायचा फुगा मिळतो, टो फ्लोट म्हणतात, तो लावल्याशिवाय उतरू नका. त्याला धरून दमही खाता येतो.

व्हॅसलीन काखेत, मानेला, मांड्यांच्या आत, बायकांनी कॉस्च्यूमच्या पट्ट्यांखाली. भरपूर. खारं पाणी आणि एकच हालचाल हजारो वेळा, त्वचा सोलून निघते आणि ते कळतं घरी गरम पाण्याची बादली अंगावर घेतल्यावर, तेव्हा शेजाऱ्यांनाही कळतं. खोबरेल तेल लावून बघितलं, टिकत नाही. लावताना दुसऱ्याला हातमोजे घालून लावायला सांगा, तुमच्या बोटाचं व्हॅसलीन गॉगलला लागलं की पुढचे तीन तास धुकं.

जेलीफिश लागली तर चोळायचं नाही आणि पिण्याच्या पाण्याने धुवायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिकटले असतील तर चिमट्याने काढा, आणि मग सोसवेल एवढ्या गरम पाण्यात तो भाग धरा. श्वास अडकतोय, चेहरा सुजतोय असं झालं तर पोहणं तिथेच संपलं. अजून एक लक्षण लक्षात ठेवा, पोहताना धाप कमी होतच नाही, खोकला येतो आणि थुंकीत गुलाबी फेस, हे पाणी गिळल्यामुळे नसतं, फुप्फुसात पाणी साठत असतं, लगेच बाहेर आणि थेट हॉस्पिटल.

५. भरती-ओहोटी

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि धावतंही जोरात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, प्रवाह मंद. जुन्या लोकांचा हिशेब आहे, तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. नवमीला पावणेसात. कॅलेंडरवर तिथी बघून बसल्या जागी दिवस ठरवता येतो, नंतर अर्थात बंदराच्या तक्त्यावरून किंवा ॲपवर नक्की वेळ बघायची.

आता हे वापरायचं कसं. सनक रॉक बंदराच्या तोंडाकडे आहे, तिथून गेटवेकडे यायचं तर आत शिरणारं पाणी हवं, म्हणजे चढती भरती. घारापुरी गेटवेच्या पूर्वेला आत आहे, तिथून यायला ओहोटी हवी. म्हणून घारापुरीसाठी अष्टमी-नवमीचा दिवस छान, भरती पूर्ण झाली की सकाळी सहा-सातला उडी आणि पुढचे सहाएक तास ओहोटी आपल्या बाजूची. उधाणाला बंदरातला प्रवाह आपल्या पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असू शकतो, बरोबर असला तर राजा, विरुद्ध असला तर हात मारत जागच्या जागी.

६. बोट, माणसं, खाणं

अधिकृत पोहणं असेल तर राज्य जलतरण संघटनेचा निरीक्षक बोटीवर असतो, बंदर आणि पोलिसांकडची कागदं लागतात, हे सगळं पहिल्यांदा स्वतः करायला जाऊ नका, स्पर्धेतून किंवा अनुभवी कोचकडून जा. नियम एक पाठ करा, उडी मारल्यापासून किनाऱ्याला लागेपर्यंत बोटीला किंवा माणसाला हात लावायचा नाही, लावला की बाद. त्यामुळे खाणं दोरी बांधलेल्या बाटलीतून, उताणं पडून प्यायचं, अर्ध्या मिनिटात संपवायचं.

दोन तासांच्या वर असाल तर दर तीस-चाळीस मिनिटांनी काहीतरी पोटात गेलं पाहिजे, तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट धरतात. महागाच्या पावडरी मी घेतल्या, मला सोसल्या नाहीत. आईने केलेली नाचणीची पातळ पेज, गूळ आणि चिमूटभर मीठ घालून, थर्मासमध्ये कोमट, ती चालली. मधे कुस्करलेलं केळं. खाऱ्या पाण्याने जीभ सुजते, तोंड खवखवतं, तेव्हा गोड्या पाण्याची चूळ म्हणजे स्वर्ग. जे काय घेणार ते रविवारच्या लांब पोहण्यात आधी तीन वेळा घेऊन बघा.

बोटीवर तुमचा एक माणूस असा ठेवा ज्याला तुमचा चेहरा वाचता येतो आणि जो तुमचं ऐकत नाही. माझ्या बाबतीत बायको. प्रत्येक फीडला, म्हणजे खायला थांबतो तेव्हा, ती एक प्रश्न विचारते, आज वार काय, पोरीची शाळा किती वाजता सुटते, लग्नाची तारीख काय. उत्तर उशिरा आलं किंवा चुकलं तर माणूस थंडीने किंवा थकव्याने भरकटतोय असं समजायचं. (लग्नाची तारीख मी एकदा ताजातवाना असतानाही चुकलोय, तो भाग वेगळा.) नाखव्याला धूर कुठल्या बाजूला जातोय ते बघून बोट ठेवायला सांगा, डिझेलच्या वासाने उलटी झालेले खूप बघितलेत.

७. माझं अर्धवट पोहणं

घारापुरीचा पहिला प्रयत्न. लाखाच्या थोडी वर देणगी जमली होती, ऑफिसमध्ये पोस्टर, बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज अंगठे. सकाळी बोट उशिरा आली, मग व्हॅसलीन, फोटो, नारळ, बॅनर धरून परत फोटो, असं करत उडी मारली तेव्हा ओहोटी बरीचशी निघून गेली होती. शिवाय रविवार सोयीचा म्हणून दिवस घेतला होता पौर्णिमेच्या दोन दिवस नंतरचा, तिथी कोणी बघितलीच नाही. सुरुवातीला पाण्याने असं नेलं की वाटलं विक्रमच होतोय. मग ताजचा घुमट दिसायला लागला, मोठा झाला, आणि मोठा व्हायचा थांबला. मी हात मारतोय, घुमट तेवढाच. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं, तेवढाच. नाखवा वरून म्हणाला, "पानी फिरला दादा, आता हात मारून काय फायदा नाय." मी म्हटलं अजून अर्धा तास. का म्हटलं, तर माझ्या डोक्यात पोहणं नव्हतंच, डोक्यात ते लाख रुपये होते, त्या सगळ्या लोकांना काय सांगू हे होतं. तासाभराने बायकोने वार विचारला, मी नेरुळ म्हणालो. तिने निरीक्षकांकडे बघितलं आणि मला वर ओढलं.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज, "प्रयत्न स्तुत्य! मग देणगी परत मिळणार का?" चिडलो होतो तेव्हा. आता वाटतं प्रश्न रास्त होता, उत्तर मीच आधी लिहून ठेवायला हवं होतं.

तुम्ही एकटे नाही हे मात्र सांगतो. इंग्लिश खाडी पोहणारी आशियातली पहिली महिला आरती साहा, तिच्या ऑगस्ट १९५९ च्या पहिल्या प्रयत्नात पायलट बोट ४० मिनिटं उशिरा आली, इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर असताना विरुद्ध प्रवाह लागला आणि तिला थांबावं लागलं. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला, १६ तास २० मिनिटांत तिने तीच खाडी पूर्ण केली. तिच्या प्रवासालाही पैशांची अडचण होती, बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी मदत केली तेव्हा जाता आलं.

म्हणून दोन गोष्टी ट्रेनिंग सुरू करायच्या आधीच कागदावर लिहा. थांबायचा निर्णय बोटीवरच्या माणसाचा, पाण्यातल्याचा नाही. आणि पोहणं अर्धवट राहिलं तरी देणगी संस्थेचीच राहील, परत मिळणार नाही. हे दुसरं वाक्य प्रत्येक आवाहनात, ठळक.

८. पैसे जमवणं

वरचं वाचलंत तर कळेल की मी "दर किमीला इतके रुपये" या पद्धतीच्या विरोधात का आहे. ऐकायला मस्त वाटते, लोकांनाही मजा येते, पण पाण्यात दमलेल्या माणसाला ती शेवटच्या किमीसाठी हावरट करते. रक्कम सरळ मागा, आधी मागा, पोहण्याच्या निकालाशी जोडू नका.

संस्था निवडताना जवळची घ्या, जिथे स्वतः जाऊन बसता येईल. जाऊन विचारा, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आहे का, ज्याला आपण सगळे ८०जी म्हणतो ती करसवलतीची मान्यता चालू आहे का, मागच्या वर्षीचं ऑडिट दाखवाल का. चांगल्या संस्थेला याचा राग येत नाही, आमच्याकडच्या ताईंनी फाईल पुढे सरकवली आणि चहा सांगितला. जिथे "विश्वास नाही का आमच्यावर" असं ऐकू आलं तिथून उठा.

पैसे थेट संस्थेच्या खात्यात. तुमच्या जीपेवर एक रुपया नको, "नंतर एकत्र ट्रान्सफर करतो" पण नको. पावती संस्थेलाच देता येते, तुमच्या खात्यात आलेल्या पैशाला करसवलत नाही आणि उद्या कोणी विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. स्वतःच "अमुक सागरी मोहीम निधी" काढून वर्गणी मागायला निघालात तर महाराष्ट्रात त्यालाही धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणपती मंडळं कलम ४१क खाली घेतात तीच. कशाला तो उद्योग. मिलाप, केटो, गिव्हइंडिया यांसारख्या ठिकाणी पेज काढायचं तर संस्थेच्या नावाने काढा आणि त्यांचे चार्जेस किती, देणगीदाराकडून वर टिप मागतात का, हे आधी वाचून घ्या.

रोख दोन हजारांच्या वर असेल तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, आणि जुनी करप्रणाली घेतली असेल तरच मिळते, हे लोकांना स्वतःहून सांगा, नाहीतर मार्चमध्ये फोन येतात. अमेरिकेतला मावसभाऊ द्यायला तयार असतो नेहमी. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर अडचण नाही, पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी होते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची नोंदणी नसेल तर घेताच येत नाही. भाऊ घरचा असला तरी.

पोहण्याचा खर्च, म्हणजे बोट, फी, कोच, सगळा स्वतःच्या खिशातून. कंपनी किंवा मित्र स्पॉन्सर करत असेल तर तसं उघड लिहा, पण देणगीच्या पैशात हा खर्च मिसळू नका.

मेसेज छोटा ठेवा. मी असा लिहिला होता, हवा तर उचला:

"नमस्कार, मी जानेवारीत घारापुरी ते गेटवे पोहणार आहे. पोहण्याचा खर्च माझा मी करतोय. आपल्या भागातल्या विशेष मुलांच्या शाळेसाठी मदत हवी आहे. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातील, पावती तेच देतील. माझं पोहणं पूर्ण झालं नाही तरी मदत शाळेलाच मिळेल. जमेल तेवढं द्या, नाही जमलं तरी शुभेच्छा चालतील."

खाली अमुक रुपयांत मुलांचं नक्की काय काम होतं तो एक आकडा टाका, संस्थेला विचारून, मनाने नाही. पहिली देणगी तुमची स्वतःची, दुसरी घरातली, मग ग्रुपवर पाठवा, शून्य दिसणाऱ्या यादीत पहिलं नाव कोणाला टाकायचं नसतं. ग्रुपवर एकदा, त्यानंतर एकेकाला नावाने. नावाने पाठवलेल्या मेसेजला उत्तर येतं, ग्रुपवरच्याला अंगठा येतो. एकाच माणसाला दोनदापेक्षा जास्त विचारू नका, विशेषतः ज्यांना तुम्हाला नाही म्हणता येत नाही त्यांना, म्हणजे तुमच्या हाताखालचे लोक, घरकामाच्या मावशी, वॉचमन. ऑफिसमध्ये एचआरला विचारा, काही कंपन्या कर्मचाऱ्यांनी दिलं तेवढंच स्वतः घालतात.

मधेमधे ट्रेनिंगचे अपडेट टाका पण रोज नको. खडे मोजतानाचा फोटो माझ्या सगळ्या "प्रेरणादायी" फोटोंपेक्षा जास्त चालला.

९. आदल्या रात्री आणि नंतर

आदल्या रात्री वरण-भात, लवकर झोप (येणार नाही, हरकत नाही). नवीन गॉगल, नवीन कॉस्च्यूम त्या दिवशी वापरायला काढायचा नाही. फोटो आणि नारळ आदल्या दिवशी उरकून घ्या, सकाळी फक्त व्हॅसलीन आणि उडी.

गेटवेला पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात आणि पाय तोपर्यंत पाय राहिलेले नसतात, हात धरूनच चढा. नंतर कोरडे कपडे, गरम चहा, तासाभरात नीट जेवण. रात्री कळवा, आठवड्याच्या आत संस्थेकडून एकूण रकमेचं पत्र घेऊन सगळ्यांना पाठवा, पोहणं झालं असो वा नसो. करसवलतीचं प्रमाणपत्र संस्था आर्थिक वर्ष संपल्यावर काढते, साधारण मे अखेरपर्यंत येतं, कोणाचा पॅन नंबर राहिलाय का ते संस्थेला मार्चमध्येच विचारून घ्या. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचाच राहिला होता.